खाडे धरून आखलेला व्यायाम

वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि आरोग्य

मागील अंकात व्यायामाला सुरुवात कशी करावी याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर मात्र वेगळाच निघाला. सुरुवात करण्याची अडचण फार थोड्यांना आहे. सुरू केलेले वर्षानुवर्षे चालू ठेवणे बहुतेकांना जमत नाही. म्हणून या वेळी नाशिक शहर आणि परिसरातून आलेली, त्याच एका अडचणीभोवती फिरणारी सात पत्रे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो. फर्स्ट, सेकंड, नाइट अशा पाळ्या आठवड्याला बदलतात. गेल्या सहा वर्षांत चार वेळा जिमची वर्षाची फी एकरकमी भरली. दर वेळी जानेवारीत जोरात सुरुवात होते, दोन महिने मी आठवड्यातून सहा दिवस जातो, वजन तीन-चार किलो उतरते. मग रात्रपाळी, एखादे लग्न, मुलांच्या परीक्षा असे काही तरी निमित्त होते आणि खंड पडतो तो पडतोच. माझ्यात चिकाटी नाही असे घरचे म्हणतात, आणि आता मलाही ते खरे वाटू लागले आहे. (सिडको)

उत्तर : चार वेळा सुटलेली गोष्ट चार वेळा पुन्हा हाती धरणाऱ्या माणसाला चिकाटी नाही, हे मला पटत नाही. दोष आखणीत आहे. जानेवारीत तुम्ही जो सहा दिवसांचा कार्यक्रम घेता तो वर्षातल्या सगळ्यांत मोकळ्या आठवड्यांच्या मापाने शिवलेला असतो. पुढे रात्रपाळी लागली, लग्नसराई आली की तो अंगाला होत नाही, आणि सदरा उसवून सैल करण्याऐवजी आपण तो कपाटात ठेवून देतो.

शरीराचा एक गुण इथे उपयोगी पडतो, आणि जिममध्ये तो सहसा कोणी सांगत नाही. दम आणि ताकद कमावण्यासाठी जेवढा व्यायाम लागतो, त्याहून बराच कमी व्यायाम ती राखण्यासाठी पुरतो. १९८०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एकापाठोपाठ प्रयोग केले. निरोगी तरुणांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे सायकल आणि धावणे असा कसून व्यायाम करून घेतला आणि नंतरचे पंधरा आठवडे तो कमी केला. एका प्रयोगात सहा दिवसांचे दोन दिवस केले, दुसऱ्यात ४० मिनिटांची १३ मिनिटे केली. दोन्ही वेळा प्राणवायू वापरण्याची कमावलेली क्षमता जवळजवळ तशीच टिकली. तिसऱ्या प्रयोगात मात्र दिवस आणि वेळ कायम ठेवून व्यायामाची तीव्रता उतरवली, तेव्हा क्षमता घसरली. ताकदीच्या व्यायामाबाबत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही असेच दिसले : आठवड्यातून तीन दिवस चाललेला व्यायाम एका दिवसावर आणला तरी ताकद बहुतांशी टिकली, फक्त साठी ओलांडलेल्यांच्या स्नायूंचा आकार तेवढ्यावर टिकला नाही. थोडक्यात, दिवस कमी करा, मिनिटे कमी करा, पण जी दहा मिनिटे कराल ती घाम काढणारी असू द्या. आपण सगळे नेमके उलटे करतो. वेळ नाही म्हणून एक तर काहीच करत नाही, किंवा रेंगाळत, मोबाइल पाहत तासभर काढतो.

तुमच्यासाठी म्हणून दोन मापांचे वेळापत्रक हवे. सकाळच्या आणि दुपारच्या पाळीच्या आठवड्यात तीन दिवस, प्रत्येकी ४० मिनिटे. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त दोन दिवस, प्रत्येकी १५ मिनिटे, तेही घरीच : बैठका, जोर, इमारतीचे जिने भराभर चढणे आणि पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून ती दोन्ही हातांनी कमरेपर्यंत ओढणे. रात्रपाळीहून आल्यावर आधी झोप पुरी करा आणि व्यायाम संध्याकाळी, कामावर निघण्यापूर्वी करा. झोप मोडून केलेला व्यायाम चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी तोच बंद पडतो.

सवय २१ दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासून केलेल्या एका अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही.

माझ्याकडे खांद्याच्या उपचारासाठी येणारे एक गृहस्थ व्यायामाची नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरच करतात. त्यांच्या पत्नी ज्या चौकटीत दुधाचा खाडा लिहितात, त्याच चौकटीच्या कोपऱ्यात हे व्यायामाचा खाडा लिहितात. त्यांना मी कारण विचारले, तर म्हणाले, ‘‘दुधाचा खाडा पडला म्हणून कोणी दूधवाला बंद करत नाही, महिनाअखेर हिशोब करतो.’’ तुम्हीही केलेल्या दिवसांपेक्षा खाडे लिहा. महिन्यात तीस दिवसांपैकी वीस खाडे पडले तरी तुमचा व्यायाम चालू आहे. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या वजनाने, निम्म्या फेऱ्यांनी करा. पहिल्याच दिवशी जुने वजन उचलल्यामुळे पुढचे चार दिवस अंग धरते आणि तिथेच पुन्हा खंड पडतो.

आणि वर्षाची फी एकरकमी भरणे थांबवा. महिन्याची फी हिशोबाने महाग पडत असली तरी, दर महिन्याला आपण होऊन पैसे काढून देताना आपण हे का करतो आहोत याची उजळणी होते. सुरुवातीपूर्वी रक्तदाब आणि साखर एकदा तपासून घ्या. चाळिशी ओलांडलेल्या आणि पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाने हे टाळू नये.

प्रश्न : माझे वय ५१. आम्ही चार मैत्रिणी गेली आठ वर्षे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी पाऊण तास चालतो. पावसाचे काही दिवस सोडले तर चुकवत नाही. तरीही वजन तेच, गुडघे कुरकुरतात, आणि आताशा वरच्या फळीवरून पाच किलो तांदळाचा डबा काढताना हात थरथरतो. मग आठ वर्षांच्या चालण्याचा उपयोग काय झाला? (कॉलेज रोड)

उत्तर : उपयोग झाला आहे, तो डब्याच्या फळीवर दिसत नाही इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले त्यात दोन भाग आहेत. आठवड्याला मध्यम तीव्रतेचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोमदार स्वरूपाचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम हा पहिला, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हा दुसरा. आपल्याकडे पहिला भाग घरोघरी पोहोचला, दुसरा पोहोचलाच नाही, विशेषतः बायकांपर्यंत. तुमची मिनिटे भरतात. चालण्याचा वेग मात्र एकदा पाहून घ्या. मध्यम तीव्रता म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मी त्या बाजूला अधूनमधून जाते, आणि भिशीपासून सुनेपर्यंतचा सगळा वृत्तान्त एका दमात सांगत जाणारे घोळके मला चांगले ठाऊक आहेत. गप्पा सोडू नका, त्यांच्याच जोरावर तुमची आठ वर्षे टिकली आहेत. फक्त दर फेरीत दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर सगळ्याजणींनी गप्प राहून, झपाझप चालायचे असे ठरवा.

आता डब्याविषयी. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्के कमी होत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीजही वाढते. सपाट रस्त्यावर चालण्याने पायांचा दम राहतो, पण हात, खांदे, पाठ यांच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि मांड्यांनाही जितके ओझे हवे तितके मिळत नाही. गुडघ्यांची कुरकुर पुष्कळदा याच अशक्त मांड्यांमुळे वाढते. म्हणून आठवड्यातले दोन दिवस चालणे वीस मिनिटांवर आणा आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत घरी ताकदीचा व्यायाम करा. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याच्या कडेला हात टेकून जोर, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, आणि वजन उचलून डोक्यावर नेणे, एवढे चार प्रकार पुरेत.

वजनासाठी काही विकत आणावे लागत नाही. पाच लिटर तेलाचा रिकामा कॅन धुऊन घ्या. पहिल्या आठवड्यात त्यात दोन लिटर पाणी भरा, म्हणजे दोन किलो झाले. दोन्ही हातांनी तो छातीपासून डोक्यावर न्यायचा आणि सावकाश खाली आणायचा. आठ ते बारा वेळा करताना शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. त्या सहज होऊ लागल्या की एक भांडे पाणी आणखी ओता. कॅन काठोकाठ भरून दहा वेळा वर जाऊ लागला, की तांदळाच्या डब्याचा प्रश्न मिटेल. कॅनला बाहेरून पेनाने रेघा मारून त्यापुढे तारखा लिहिल्यात तर आपण कुठून कुठे आलो हे दिसत राहते, आणि वजनकाटा हलत नसताना असे काही दिसत राहणे फार गरजेचे असते.

काट्याकडे तसेही कमीच पाहा. भारतीय स्त्रियांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात; महिन्यातून एकदा टेपने तो मोजलात तरी पुरे. खाण्यात प्रथिनांकडे लक्ष द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईला ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीत पाच-सहा ग्रॅमही मुश्किलीने असतात. दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण किंवा उसळ, दुपारी दही किंवा ताक, संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे आणि चालत असेल तर एक अंडे, एवढ्याने हिशोब जमत येतो. रविवारी ट्रॅकवरून परस्पर मिसळीला जाण्याबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी भीत भीत विचारले आहे. जा. मटकी जास्त, तर्री बेताची मागा, आणि दुसरा पाव मागवण्याआधी थोडे थांबा.

प्रश्न : पोलीस भरतीच्या वेळी मी १६०० मीटर सहज पूर्ण गुणांत धावत होतो. भरती होऊन तीन वर्षे झाली, आता माझे वय २७ आहे. बंदोबस्त आणि ड्युटीच्या वेळांमुळे धावणे सुटले, १३ किलो वजन वाढले. मागच्या महिन्यात पुन्हा जुन्या वेगाने पळायचा प्रयत्न केला तर पोटरी धरली आणि नडगीच्या हाडात दुखू लागले. (पंचवटी)

उत्तर : तुमच्या जिल्ह्यातल्या हजारो मुला-मुलींची हीच गोष्ट आहे. पहाटे मैदानावर दोन-दोन वर्षे घाम गाळतात, यादीत नाव लागते, आणि बूट त्याच आठवड्यात बाजूला पडतात. भरतीची तयारी हे परीक्षेपुरते शिखर होते. स्पर्धेत उतरणारे धावपटूही बारा महिने शिखरावर राहत नाहीत. त्यांच्या वर्षात हलके महिने ठरवून ठेवलेले असतात. तुम्हाला शिखरानंतर कुठे उतरून थांबायचे हे कोणी सांगितलेच नाही, म्हणून तुम्ही थेट पायथ्याला आलात.

शरीर किती लवकर उतरते याचा एक गाजलेला दाखला आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावरच ठेवून त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीन दशकांच्या वयाने त्यांच्या क्षमतेत जेवढी घट केली होती, त्याहून जास्त घट विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केली होती. त्यानंतर सहा महिने बेताबेताने व्यायाम दिल्यावर वयामुळे आलेली घट या पन्नाशीच्या माणसांनी भरून काढली. तुम्ही तर सत्तावीस वर्षांचे आहात.

दुखणे का आले ते समजून घ्या. दम लवकर परत येतो, स्नायू त्यामागून येतात, पण कंडरा आणि हाडे सर्वांत सावकाश सरावतात. मन मात्र भरतीच्या वेळेचाच वेग लक्षात ठेवून असते. नडगीचे दुखणे एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर धावणे पूर्ण बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसे नसेल तर दुखणे थांबेपर्यंत चाला, आणि नंतरचे सहा आठवडे एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे असे आळीपाळीने आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे करा, डांबरी रस्त्याऐवजी मातीवर. त्यानंतर आठवड्याला फक्त दोन धावा कायमच्या ठेवा : एक लांब आणि निवांत, एक छोटी पण वेगाची. बंदोबस्ताच्या आठवड्यात लांब धाव सोडली तरी चालेल, वेगाची सोडू नका. आहाराचे म्हणाल, तर भरतीच्या काळातली अर्धा डझन अंडी, केळी आणि दुधाचा तांब्या अजून चालू असल्याचे तुम्हीच लिहिले आहे. धावणे थांबले तेव्हा तो खुराकही कमी व्हायला हवा होता. अंडी ठेवा, बाकीचे निम्मे करा.

प्रश्न : नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंचे पाहून मोठ्या उत्साहाने महागडी सायकल घेतली. सहा महिने गंगापूर धरणापर्यंत जात होतो. आता ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे. विकून टाकू का? (वय ३८, गंगापूर रोड)

उत्तर : विकू नका, टायरमध्ये हवा भरा. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून या शहराला सायकलीचे वेड लागले, ते चांगलेच आहे. पण धरणापर्यंतची फेरी रविवारचीच राहणार, आणि आठवड्यातून एकदा ज्या वस्तूला हात लागतो ती विसरायला वेळ लागत नाही. दूध, भाजी, बँक, मुलांची शिकवणी अशा तीन किलोमीटरच्या आतल्या कामांना गाडीची किल्ली घ्यायची नाही, एवढेच तीन महिने पाळा. त्यासाठी सायकल तळघरातून वर आणून जिन्याजवळ ठेवा आणि तिला पुढे एक साधी टोपली लावून घ्या. महागड्या सायकलीला टोपली शोभत नाही असे मित्र म्हणतील, म्हणू देत. सायकलीवर हाडांना शरीराचे वजन पेलावे लागत नाही, म्हणून वर कॉलेज रोडच्या पत्राला दिलेल्या उत्तरातला ताकदीचा भाग तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : मुलाने मनगटावर बांधायचे घड्याळ दिले आहे. रोज दहा हजार पावले झाली नाहीत की ते कुरबुर करते. माझी कशीबशी साडेसहा-सात हजार होतात. वय ६४. (इंदिरानगर)

उत्तर : दहा हजार हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र ‘मांपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या नावाने विक्रीस आले आणि ते नावच पुढे प्रमाण होऊन बसले. साठीपुढच्या माणसांमध्ये पावलांचा आयुर्मानाशी दिसणारा लाभ सहा ते आठ हजारांच्या आसपास वाढायचा थांबतो, असे अलीकडच्या मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. तुम्ही अगदी ठीक आहात. मुलाला सांगून घड्याळातले लक्ष्य सात हजारांवर आणून घ्या.

प्रश्न : पंचावन्न वर्षांचा किराणा दुकानदार आहे. दर वर्षी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मित्रांबरोबर ब्रह्मगिरीची फेरी करतो, पंचवीस वर्षांत चुकवलेली नाही. पूर्वी काही वाटत नसे, पण गेली तीन-चार वर्षे नंतर आठ-दहा दिवस जिना उतरता येत नाही. आता फेरी बंद करण्याची वेळ आली का? (रविवार पेठ)

उत्तर : फेरी बंद करण्याची नाही, बाकीचे एक्कावन्न आठवडे काही तरी सुरू करण्याची वेळ आली आहे. तुम्ही दिवसभर दुकानात उभे असता, पण उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे, आणि वीस किलोमीटरच्या आसपासची चिखल-दगडांची वाट एका रात्रीत तुडवायला शरीराने वर्षभर काहीच जमवलेले नसते. पूर्वी तिशीची पुंजी होती, ती खर्चून झाली.

चढण दमवते, पण नंतरचे दुखणे मुख्यतः उतारामुळे असते. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच भार झेलतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे सर्वांत जास्त जाणवते. हे दुखणे मांडीत असेल तर काळजीचे कारण नाही. सांध्याला सूज येत असेल, गुडघा अडकत किंवा एकदम लचकत असेल, तर मात्र या वर्षी फेरीआधी तपासणी करून घ्या. स्नायूला उताराची सवय लावता येते, आणि ती लावलेली काही आठवडे पुरते. ज्येष्ठ लागताच आठवड्यातून एक दिवस सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर जा. पहिल्या दिवशी एकदाच चढून, कठड्याच्या आधाराने अगदी सावकाश उतरा. दर आठवड्याला थोडी भर घालत आषाढअखेर सलग तीन वेळा चढ-उतार होऊ लागला पाहिजे. याशिवाय रोज दुकान उघडण्यापूर्वी पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय हळूहळू खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, असे दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. याला तीन मिनिटे लागतात. फेरीसाठी नवे बूट आदल्या दिवशी विकत घेऊ नका, आणि अनवाणी जाण्याचा नेम असेल तर पावलांना मधुमेहाचा त्रास नाही ना याची खात्री असल्याशिवाय जाऊ नका.

यापुढे फेरी हा तुमचा वार्षिक ताळेबंद समजा. दुकानाचा ताळेबंद मार्चअखेर एका रात्रीत जुळत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : वय ७२. मुलगा-सुनेकडे राहते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून पडले, हाड मोडले नाही, पण भीती बसली. तेव्हापासून सगळे मला बसूनच राहायला सांगतात. चौरंगापुढे पाटावर बसून देवपूजा करायची फार इच्छा आहे, पण खाली बसले की उठता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून करते. या वयात आता काही होण्यासारखे आहे का? (नाशिक रोड)

उत्तर : आहे, आणि आपल्याहून अठरा-वीस वर्षांनी मोठ्या माणसांमध्ये ते झालेले आहे. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी एका वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली, आणि त्यांतले दोघे काठी सोडून चालू लागले. घरच्यांची काळजी मी समजू शकते. परंतु पडण्याच्या भीतीने बसून राहिल्यास मांड्यांची ताकद जाते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्यावे. पासष्टीपुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ताकदीबरोबर तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितला आहे. पडण्याआधी चक्कर आली होती का, डोळ्यांचा नंबर बदलला आहे का, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू आहे का, हे मात्र प्रथम आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

तोलासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात धरून उभे राहावे, एक पाय जमिनीपासून वितभर उचलावा आणि मनात दहा अंक मोजावेत. जमू लागले की एक हात सोडावा, नंतर एका बोटाचाच आधार ठेवावा. चहाचे आधण उकळेपर्यंत दोन्ही पायांचे करून होते.

पाटावर बसण्याकडे खुर्चीवरूनच जायचे आहे, पण एकेक पायरी उतरत. सध्याच्या खुर्चीतून हात न टेकता सलग दहा वेळा उठता आले, की खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे. त्यावरूनही दहा वेळा जमले की चौरंगावर बसावे, त्यानंतर एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवर आणि शेवटी एका पाटावर. एकेका टप्प्याला तीन आठवडे लागोत की दोन महिने, घाई करू नये. मध्ये आजारपण आले तर एक टप्पा मागे येऊन पुन्हा सुरू करावे. पाटावरून उठताना सरळ वर उठायचा प्रयत्न न करता आधी एका कुशीला वळून दोन्ही हात जमिनीला टेकवावेत, रांगत्या बाळासारखे गुडघ्यांवर यावे, समोरच्या जड खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवावेत, जो पाय अधिक भक्कम आहे त्याचे पाऊल पुढे टेकवावे आणि मग हातांनी खुर्ची दाबत उठावे. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर असू द्यावी. प्रत्येक नव्या टप्प्याचे पहिले काही दिवस सूनबाई किंवा मुलगा शेजारी उभे असावेत, त्यांनी हाताला धरून ओढू मात्र नये. खुर्ची प्लॅस्टिकची नको, लाकडी घ्यावी आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी. दोन पाटांच्या मध्ये रबरी जाळीचा तुकडा घालावा म्हणजे वरचा सरकणार नाही, आणि फरशी पुसून कोरडी झाल्याशिवाय सरावाला बसू नये.